सुर्लीच्या घाटातलं टायमिंग

साखर कारखान्याची चिमणी पेटली की ते मला डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. सांगलीत पहाटे खिडकी उघडावी आणि थंडीबरोबर मळीचा तो वास आत यावा, थोडा गोड, थोडा आंबलेला, कढईच्या बुडाला लागलेल्या गुळासारखा. शेजारपाजारचे लोक धाडधाड खिडक्या लावून घेतात. मी उघड्या खिडकीत उभा राहून छाती भरून घेतो. बायको म्हणते, "लोक गुलाबाचा वास घेतात, तुमचं आपलं काहीतरीच." पण खिडकी ती लावत नाही. तिला ठाऊक आहे, त्या वासाच्या मागोमाग माझ्या नाकात पेट्रोल येतं, जळकं ऑइल येतं, आणि सायीच्या रंगाच्या एका पद्मिनीचं बॉनेट करकरत उघडतं.

सहा-सात वर्षं झाली असतील. नोकरीनं मला एका गळीत हंगामापुरतं कराडला पाठवलं आणि मी मुक्काम ठोकला सासुरवाडीत. जावई दोन दिवस राहिला तर त्याला पुरणपोळी मिळते, आठ दिवस राहिला तर भाजी-भाकरी मिळते, आणि चार महिने राहिला तर त्याच्या हातात गाडीचं हँडल देतात. मला हँडल मिळालं.

गाडी माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणत असे. मूळचे आटपाडीकडचे, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातले. पण मामा फौजेत ड्रायव्हर झाले, पेन्शन घेऊन कराडबाहेर विट्याच्या रस्त्याला घर बांधलं आणि एक जुनी पद्मिनी विकत घेतली. त्या गाडीवर त्यांचा असा जीव की पाऊस आला तर आधी गाडी शेडमध्ये जायची, मग वाळत घातलेले कपडे आत यायचे. मामा गेले आणि गाडी शेडमध्ये थांबली ती थांबलीच. चार वर्षं. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी तिच्यावरून कापड फिरवायच्या. मामी म्हणजे उंचीनं चार फूट आणि आवाजानं चाळीस. लहानपणी माळावर मेंढरं वळलेली बाई. स्वयंपाकघरातून "चहा झालाय" म्हणाल्या तर रस्त्यावरचा ट्रॅक्टरवाला ब्रेक मारायचा.

मेव्हणा संपत खंडाळ्याला कंपनीत होता. शनिवार-रविवार घरी यायचा. माणूस सोन्यासारखा, पण हिशेबी डोक्याचा. त्या डिसेंबरात तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, गाडीची मुदत संपतीय. एजंटाला नुसता नंबर देऊन पुढच्या सोमवारी पासिंगची तारीख घेतलीय. स्वतःच्या पायानं गेली तर राहू दे. दोरी बांधून न्यायची येळ आली, तर त्याच दोरीनं भंगारवाल्याकडं."

"मामींना विचारलंस?"

"आईनंच ऐकलंय. तिच्यासमोरच बोललो. रोज त्या पत्र्याला पुसत बसती, मला बघवत न्हाई."

"मग काय म्हणाल्या?"

"बरं म्हणाली."

मामींचं "बरं" मी दहा वर्षं ऐकत आलो होतो. त्यात होकार किती आणि नकार किती, हे ज्याला कळेल त्याला मी गुरू करीन. पण त्या संध्याकाळी त्यांनी गाडी दोनदा पुसली, एवढं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी शंकरनानांना बोलावलं. नाना म्हणजे मामांचे फौजेतले दोस्त. ते तिथल्या वर्कशॉपमध्ये हवालदार होते. रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी चालताना अजून डावा-उजवा करायचे. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टायरला लाथ मारली, बॉनेट उघडलं, आणि आत वाकून असा श्वास घेतला की मला वाटलं आता नाडी बघतात.

"पॉइंट खाल्लेत," नाना म्हणाले. "कंडेन्सर गेलाय. उंदरानं वायरी खाल्ल्यात. बाकी पेशंट फिट हाय. पाव्हणं, रजा काढा."

मी रजा काढली. साहेबांना फोनवर सांगितलं की सासुरवाडीत एक जण चार वर्षं जागचं उठलेलं नाही आणि आता शेवटचा उपाय चाललाय. साहेब हळहळले. मी खोटं बोललो नव्हतो.

आता थोडं टायमिंगबद्दल सांगायला हवं, कारण हल्लीच्या गाड्यांत ते सगळं एका बंद डबीत बसलेलं असतं आणि बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं काळं झाकण आपल्याकडं बघून दात विचकतं. जुन्या इंजिनात पिस्टन पेट्रोलची वाफ दाबत वर येतो. तो अगदी वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडायला हवी. पोचल्यावर पडली तर उशीर झाला; आग पसरेपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो आणि गाडी सुस्तावते. फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या टाळक्यातच आग बसते आणि चढावर इंजिन पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं. मला हे चटकन कळलं. आमच्या गणपतीतल्या नाटकात मी एकदा फौजदार होतो. खून व्हायच्या आधीच "हात वर!" म्हणत आत घुसलो. खून करणारा, मरणारा आणि समोरचं पब्लिक, तिघंही माझ्याकडं बघत राहिले. त्या दिवसापासून 'आधी पडलेली ठिणगी' मला कुणी समजावून सांगावी लागत नाही.

तर, ठिणगी कधी पडावी हे ठरवायला इंजिनाच्या पुढच्या चाकावर, म्हणजे पुलीवर, एक बारीक खाच असते. ती खाच समोरच्या काट्यासमोर आली की नेमक्या त्या क्षणी, प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधला पॉइंट उघडला पाहिजे; तो उघडला की ठिणगी पडते. मी पुढून हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवायचं. नानांनी मागच्या दिव्याचा बल्ब काढून त्याला दोन वायरी जोडल्या होत्या. एक डिस्ट्रिब्यूटरला, एक बॉडीला. पॉइंट उघडला की तो बल्ब लागायचा.

"हळू... हळू... पाव्हणं, हिरीवरचा रहाट न्हाई ओढत तुमी! हळू... थांब!"

नाना वाकून पुलीकडं बघत होते. एकाएकी त्यांचा चेहरा असा काही झाला की मी हँडल सोडून पुढं गेलो.

"बघा," ते हळू आवाजात म्हणाले. "बघा आमचा दोस्त."

पुलीच्या कडेवर बोटाएवढा पांढरा रंग होता. जाड, तीन-चार वेळा दिलेला.

"खाच दिसत न्हाई म्हणून रंगवून ठिवलीय. फौजी माणूस. मागनं येणाऱ्याला तरास नको." नानांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. मग चष्म्याच्या मागचं पुसलं.

पांढऱ्या खुणेवर टायमिंग बसलं. इतकं नेमकं की बल्ब लागायचा आणि खूण काट्यासमोर यायची यात डोळ्याच्या पापणीएवढंही अंतर नव्हतं. मी ऐटीत हँडल मारलं. हँडलनं मला मारलं. ते उलटं असं फिरलं की माझा हात खांद्यापासून निघून विट्याच्या बाजूनं गेला की काय असं वाटलं. दुसऱ्या खेपेला गाडी चालू झाली, पण रागावलेल्या कुत्र्यासारखी, अंग झटकत.

"नवा पॉइंट हाय," नाना म्हणाले. "बसंल हळूहळू."

बसलं नाही. दुसऱ्या दिवशी प्लग बदलले. तिसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर खोलून रॉकेलमध्ये बुडवला. कॉइल बदलली. पेट्रोलवर संशय आला, म्हणून टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल आणलं. एकदा मी भीत भीत म्हणालो, "नाना, टायमिंगच जरा मागं घेतलं तर?"

नानांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी मामांच्या फोटोला लाथ मारली होती.

"त्या खुणेवर माझा दोस्त बोट ठिवून गेलाय. ती खोटी व्हय?"

शनिवारी संपत आला आणि आम्ही चौघं सुर्लीच्या घाटात गेलो. विट्याकडं जाताना तो चढ लागतो; आमच्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांचा तो परीक्षेचा हॉल. नाना गाडी चालवत होते, मी शेजारी, मागं संपत आणि मामी. पहिल्याच वळणावर इंजिनात खडे वाजायला लागले. दुसऱ्या वळणावर खडे मोठे झाले. तिसऱ्याला बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी उभी राहिली. उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर आमच्या शेजारून रमतगमत वर गेला. त्याचा ड्रायव्हर ओरडला, "काका, ऊस घालू का हिच्यात? साखर निगंल!"

संपतनं फोन बाहेर काढला होता. मामी खिडकीतून खालच्या उसाकडं बघत होत्या. गाडी उताराला सोडली आणि आम्ही इंजिन बंद ठेवूनच निम्मा रस्ता घरी आलो. त्या उतरणीवरचं वारं अजून माझ्या कानात आहे. जळलेल्या पाचटाचा वास, लांबून कारखान्याचा भोंगा, आणि चार माणसांची शांतता. माणूस गेल्यावर आपण रडतो. पण त्याची वस्तू जायची वेळ येते तेव्हा काय करायचं असतं, हे कुणीच आपल्याला शिकवत नाही. मी जोक मारायचा प्रयत्न केला. कुणी हसलं नाही. माझंही टायमिंग गेलं होतं.

रविवार उजाडला. पासिंग उद्यावर. संपत ओट्यावर बसून भंगारवाल्याचा नंबर शोधत होता. नाना मात्र सहालाच हजर. पुन्हा बल्ब, पुन्हा वायरी, पुन्हा मी हँडलवर. धुक्यात बल्ब पिवळा पिवळा लागत होता, विझत होता, अगदी बिनचूक. आम्ही दोघं पुलीवर इतके वाकलो होतो की आमची डोकी एकमेकांना लागत होती. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या.

"काय बघतायसा रोज एवढं वाकून?"

"खूण बघतोय वैनी," नाना म्हणाले. "तुमच्या मालकानं रंगवून ठिवलेली. हिच्यावर टायमिंग लावलंय, केसभर हिकडं न्हाई का तिकडं न्हाई. तरी घाटात मार खातोय."

मामींनी कपबशा बॅटरीवर ठेवल्या आणि वाकून बघितलं.

"ही व्हय? ही त्यांनी कुठली लावलीया. ही मी लावलीया."

नानांच्या हातातली वायर सुटली आणि बल्ब विझला.

"तुमी?"

"खंडेनवमीला."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं घरातली हत्यारं-अवजारं पुजतात. मामा असताना पहिला मान गाडीचा असायचा. मामी पदराला हात पुसत सांगत होत्या, जणू भाजीत मीठ किती घातलं ते सांगतायत.

"ते गेले त्या साली कोयता पुजला, विळा पुजला, ह्या संपतच्या लॅपटॉपला झेंडू वाह्यला. गाडीकडं कोन गेलं न्हाई. मी कुंकू घेऊन उठले, तर चौघीजणी म्हनल्या, तू न्हाई आता लावायचं. बरं म्हनलं. कुंकू ठेवलं खाली. आटपाडीस्नं भावानं मेंढरांचा रंग आणून ठेवला व्हता, आमच्या काळ्या मेंढरांस्नी पांढरी खूण करत्यात त्यो. त्यात बोट बुडवलं आन् लावलं. रंगाला कोन काय म्हनतंय? वर लावलं तर दिसंल, म्हनून खाली वाकून हे चाक सापडलं, ह्येला लावलं."

"दरसाली?" नानांनी विचारलं.

"दरसाली. त्याच जागंवर. पहिलं बोट दिसायचं की."

गाडी चार वर्षं जागची हलली नव्हती. पुलीची तीच बाजू वर राहिली होती. मामींचं बोट दरसाल तिथंच पडत होतं.

नानांनी टोपी काढली, परत घातली. "वैनी, चार दिस झालं मी तुमच्या मेंढराच्या खुणेवर इंजिन लावतोय! घाटात वरडंल न्हाई तर काय करंल बिचारं!"

"मग पुसून टाका की ती."

"पुसायची कशाला?" नाना एकदम घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तिच्याकडं बघायचं न्हाई, झालं."

मग ते पांढरी खूण तेवढी सोडून रॉकेलचा बोळा घेऊन पुलीवर तुटून पडले. चार वर्षांचं ऑइल, धूळ, गंज. तारेच्या ब्रशनं खसाखसा घासलं. आणि पांढऱ्या खुणेपासून दोन बोटं मागं, नखानं ओरखडा काढावा एवढी बारीक, खरी खाच निघाली. मी हँडलकडं वळलो तर ते जागेवर नव्हतं. संपतच्या हातात होतं. फोन त्यानं खिशात ठेवला होता. तो मामींकडं बघत नव्हता, मामी त्याच्याकडं बघत नव्हत्या. त्या चौघीजणी आपल्याच भावकीतल्या, आणि त्यांच्यात एक आपली सख्खी चुलती, हे त्याला न सांगताच कळलं असावं.

"सांगा नाना," तो म्हणाला. "कुठपर्यंत फिरवू?"

या वेळी हँडलनं कुणाला मारलं नाही. अर्ध्या फेऱ्यात गाडी चालू झाली आणि चालू झाली ती अशी की बॅटरीवरच्या कपातला चहासुद्धा हलेना. नानांनी डिस्ट्रिब्यूटरवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले.

"तरी घाट चढाय पायजे," संपत म्हणाला. पण आवाज विनवणीचा होता.

दिव्यावर टायमिंग बसतं ते अंदाजाचं. शेवटचा केसभराचा फरक चढावरच कानानं काढायचा असतो. गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची, पाय एकदम दाबायचा. किंचित खडखड यावी आणि लगेच विरावी, म्हणजे जमलं. त्यासाठी शांतता हवी. आणि हंगामात सुर्लीच्या घाटात शांतता म्हणजे लग्नात उपास. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यावर गाणं इतकं मोठ्यानं लावलेलं की ऊस नाचत होता. नानांनी गाडी शेजारी नेली, खिडकीतून हात काढून फौजी इशारा केला.

"गाणं बंद कर रं! हितं टायमिंग बघतोय!"

"कुनाचं लगीन हाय?" ड्रायव्हर ओरडला.

मग मामींनी मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि एकच शब्द टाकला, "बंद!" गाणं बंद झालं. ट्रॅक्टरही बंद झाला असता, पण त्याला चढ होता.

नानांनी पाय दाबला. आम्ही चौघांनी श्वास धरला. खड-खड-खड... आणि विरलं. गाडी टॉपवर, एका सुरात, वर चालली. तिसरं वळण आलं आणि मागं गेलं. घाटमाथ्यावर नानांनी गाडी थांबवून खाली उतरून डोंगराकडं तोंड करून उगाच लांबवर बघितलं. मी त्यांच्याकडं गेलो नाही. माणसाला कधीकधी दोन मिनिटं दोस्ताबरोबर एकटं सोडावं लागतं.

माझी आताची गाडी बटन दाबलं की चालू होते. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आणि हीच माझी तक्रार आहे. चढावर ती मला कधी काही सांगत नाही. तिला काय दुखतं ते एका पडद्यावर इंग्रजीत लिहून येतं आणि ते वाचायला तिला गावातल्या एका काचेच्या इमारतीत न्यावं लागतं. पण हंगामाच्या थंडीत मी कधी कराडकडं निघालो आणि समोरून एखादं जुनं इंजिन चढ घेताना ऐकलं, की माझा उजवा पाय आपोआप हलका होतो.

सोमवारी पद्मिनी पासिंगला गेली. स्वतःच्या पायानं. आरटीओचे साहेब तरुण होते. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, हॉर्न वाजवला, धुराची तपासणी केली. बॉनेटमध्ये वाकले, तेव्हा नाना सावधानमध्ये उभे राहिले. मग साहेबांनी कागद हातात घेतले.

"मालक कोण?"

संपत सवयीनं पुढं झाला. साहेबांनी कागदाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं.

"इथं तर बाईंचं नाव आहे."

मागचं दार उघडलं आणि मामी उतरल्या. "त्यो माझा लेक. मालक मी."

संपतचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. "आई? हे कवा केलंस?"

"त्यांच्या पेन्शनीच्या कागदासंगं. वकील म्हनला, काय काय कुनाच्या नावावर करायचं? मी म्हनलं, घर लेकाच्या, गाडी माझ्या."

"मग मी भंगारात देतो म्हनलो, तवा बोलली का न्हाईस? एक शब्द बोलली असतीस तर..."

"चालत न्हाई ते मेंढरू कळपासंगं ठेवत न्हाईत रं," मामी म्हणाल्या. "मला बघायचं व्हतं, चालतंय का."

त्यांनी सावकाश, एकेक अक्षर बसवत सही केली. साहेबांनी शिक्का मारला. मग मामी आमच्याकडं वळल्या. "आता आटपाडीला चला. भावाला दाखवायचीय."

"आटपाडी? कवा?" संपत म्हणाला.

"आत्ता."

"आगं, आत्ता कसं? कुणी काय तयारी केलीय का?"

मामींनी मागच्या सीटवरचं, मी सकाळपासून जुनं फडकं समजत होतो ते, गाठोडं उचलून त्याच्या हातात दिलं. आतल्या भाकरी मोजून पाच माणसांच्या होत्या. आम्ही चौघं आणि एक भाऊ. त्या पहाटेच थापलेल्या होत्या.